साधी दुखापत

तात्या शिवलकर चिडले की आधी कोटाच्या खिशात हात घालायचे. खिशात आमसुलं असायची. त्यातलं एक काढून तोंडात टाकायचे आणि ते चघळून संपेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत. पित्त उठतं म्हणून बायकोने लावून दिलेला हा उपाय होता, पण कोर्टात त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक झाला होता. शिवलकरांच्या गालात आमसूल दिसलं की आरोपीचा वकील कागद चाळायला लागायचा, पट्टेवाला दाराशी सरळ उभा राहायचा आणि मी टाइपरायटरवरचे हात काढून मांडीवर ठेवायची. त्यांच्या काळ्या कोटाचा उजवा खिसा आतून लालभडक झाला होता. नवा कोट शिवला तरी महिन्याभरात त्याचीही तीच गत.

ते सरकारी वकील आणि मी रत्नागिरीच्या फौजदारी कोर्टात टायपिस्ट. ऐंशी सालानंतरची ती सहा-सात वर्षं. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीशसाहेब त्यातलं कामाचं तेवढं मला सांगायचे आणि मी ते बडवायची. माणूस पाच मिनिटं हुंदके देत सांगायचा, कागदावर दीड ओळ यायची. रडणं टाइप करायची पद्धत नाही. शिव्या गरजेपुरत्या टाइप होतात. सरकारी वकिलाला राग आला होता, हे तर कुठल्याच कागदावर येत नाही. सहा-सात वर्षं मी त्या माणसाचा राग ऐकला आणि त्यातला एक शब्दही माझ्या हातून कागदावर उमटला नाही. आता नोकरी संपली, सांगणारे साहेब कोणी नाहीत, तेव्हा मी माझ्या मनाने लिहिते आहे. आणि मला अजून राग आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मारामारीच्या खटल्यांत कायदा दुखापतीचे दोन भाग करतो, साधी आणि जबर. जबर कशाला म्हणायचं ते ठरलेलं आहे. डोळा गेला, कान गेला, सांधा निकामी झाला, चेहरा कायमचा विद्रूप झाला, हाड किंवा दात मोडला, आणि सगळ्यात शेवटी, वीस दिवस माणसाला त्याची नेहमीची कामं करता आली नाहीत. यात बसलं नाही की ती साधी दुखापत. ‘साधी’ या शब्दावर तात्यांचा दात होता. बाररूममध्ये कोणी वकील सहज म्हणाला, ‘अहो, साधी केस आहे, साधी दुखापत,’ की तात्या खिडकीत बसल्या जागेवरून त्याच्याकडे वळायचे. “साधी चप्पल असते, साधा चहा असतो. दुखापत साधी कोणाला? तुला की त्याला?” असं विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे. उत्तर मिळेपर्यंत सोडायचे नाहीत, हा त्यांचा वाईट गुण.

फिर्यादी समोर आला की दुसरे सरकारी वकील विचारायचे, कुठे मारलं, कशाने मारलं, किती वेळा मारलं. तात्या हे सगळं विचारायचेच, पण त्यांचा पहिला प्रश्न निराळा असायचा. “तेव्हापासून काय जमत नाही?” एवढाच. माणूस गोंधळायचा. त्याने पोलिसांपुढे दहा वेळा सांगितलेलं असायचं की असा आला, असा मारला. काय जमत नाही हे त्याला कोणी विचारलेलंच नसायचं. मग तो हळूहळू सांगायला लागायचा. माडावर चढता येत नाही. जाळ्याची गाठ मारता येत नाही. पोराला खांद्यावर घेता येत नाही. तात्या ऐकत राहायचे आणि मधेच हात खिशाकडे जायचा.

राहायला ते मिरकरवाड्याला, बंदराच्या अगदी तोंडाशी. वडील आगबोटीवर खलाशी होते. तात्या सायकलवरून कोर्टात यायचे, पावसाळ्यात एका हातात उघडी छत्री धरून, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आपणच शिव्या घालत. अंगाला मासळीचा वास यायचा म्हणून बाररूममधली काही शहाणी मंडळी नाकाला रुमाल लावायची. एकाने त्यांना तोंडावर विचारलं, शिवलकर, आज कुठलं म्हावरं? तात्या म्हणाले, “सुरमई. तुमच्या अशिलाच्या घरून आली असती तर फुकट पडली असती.” त्या वकिलाचा अशील बंदरावरचा व्यापारी होता आणि वकीलसाहेबांची पिशवी संध्याकाळी कशी भरते, हे अख्ख्या रत्नागिरीला माहीत होतं. त्यानंतर वासाचा विषय निघाला नाही.

हुसेनभाईंची केस त्याच सुमाराची. हे बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. वय साठीच्या पुढे, दाढी मेंदीने रंगवलेली. बर्फावरून कोणाशी तरी बाचाबाची झाली आणि त्याने बर्फ फोडायचा दांडा हुसेनभाईंच्या तोंडावर मारला. पुढचे दोन दात मुळापासून गेले. आरोपीच्या वकिलाने कोर्टात विनोद केला. या वयात दात पडायचेच, माझ्या अशिलाने निसर्गाला मदत केली, असं काहीतरी म्हणाला. साहेबही गालात हसले. मी ते हसणं बघितलं आणि माझी बोटं शिवशिवली, पण हसणंही टाइप होत नाही.

तात्यांनी आमसूल तोंडात टाकलं. कोर्ट थांबलं. ते संपल्यावर त्यांनी हुसेनभाईंना विचारलं, तेव्हापासून काय जमत नाही. हुसेनभाई म्हणाले, पुकारता येत नाही. तात्या म्हणाले, पुकारा. इथे पुकारा, समोर पापलेटची टोपली आहे असं समजा. म्हाताऱ्याने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मान हलवली. मग त्याने छाती भरून घेतली आणि लिलाव पुकारला. साठ, सत्तर, सत्त्याहत्तर. दातांच्या फटीतून नुसती शीळ निघाली. मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

तात्या मागे वळले. त्या हसणाऱ्यावर ते ओरडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज अगदी खाली आला. “हसलात ना? याला रोज सकाळी अख्खं बंदर हसतं. चाळीस वर्षं याच्या आवाजावर बंदर चाललं.” मग साहेबांकडे वळून म्हणाले, दात मोडणं कायद्याने जबर दुखापत आहे, वय बघून ती साधी होत नाही. एवढं बोलून खाली बसले. आरोपीला शिक्षा झाली. हुसेनभाईंचं काम गेलं ते गेलंच, लिलाव त्यांचा पुतण्या पुकारायला लागला. माझ्या कागदावर फक्त ‘साक्षीदाराचे पुढील दोन दात तुटले’ असं आलं.

फिर्यादीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा तात्यांचा नेम होता. पावसच्या एका बागायतदाराला भाडेकऱ्याने चोपलं होतं. खटल्याच्या दिवशी त्याने हापूसची पेटी आणून तात्यांच्या टेबलाखाली सरकवली. तात्यांनी पेटी उघडायला लावली, त्याला हाताला धरून व्हरांड्यात नेलं आणि पोलिसांबरोबर तारखेला आलेल्या आरोपींना एकेक आंबा वाटायला लावला. त्यात त्याला चोपणारा भाडेकरूही बसला होता. बागायतदाराने त्यालाही आंबा दिला, काय करणार? तात्या शेजारी उभे होते. व्हरांड्यात दोन दिवस साली पडल्या होत्या आणि मुंग्यांनी उच्छाद मांडला होता, त्याबद्दल झाडूवाल्याने तात्यांना शिव्या घातल्या. त्या त्यांनी मुकाट ऐकून घेतल्या.

हे वाचून कोणाला तात्या म्हणजे देवमाणूस वाटतील, तर तसं अजिबात नाही. त्यांचा राग कुठेही फुटायचा आणि पुष्कळदा चुकीच्या माणसावर फुटायचा. खेड्यातून आलेला, कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढलेला माणूस साक्षीत अडखळला की त्याला बाहेर नेऊन असे झापायचे की तो पुन्हा यायला घाबरायचा. बायांनाही सोडायचे नाहीत. एकदा मीच त्यांना म्हटलं, तात्या, तिला नवऱ्याने मारलं म्हणून ती इथे आली आणि आता तुम्ही आवाजाने मारताय. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं, आमसूल तोंडात टाकलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदाच्या पुडीत चार आमसुलं होती. माफीचा शब्द नव्हता, पण तो माणूस माफी मागायचा ती अशीच.

आता सुगंधाचं सांगते. हे सगळं लिहायला घेतलं ते तिच्यासाठी.

हातखंब्याच्या आतल्या बाजूला तिचं गाव. नवरा मुंबईला कारखान्यात, ही मुलीला घेऊन गावी, शेजारी दीर सखाराम. दोघांच्या जमिनींच्या मध्ये जांभ्या दगडांचा गडगा होता, नुसते दगडावर दगड रचलेला, आणि गडग्याच्या कडेने सुगंधाच्या बाजूला काजूची झाडं. सखाराम दरवर्षी गडगा थोडा थोडा तिच्या बाजूला सरकवायचा. त्या वर्षी झाडंच आत घ्यायला निघाला. ती जाऊन उभी राहिली आणि तो उचलत होता त्या दगडावर तिने हात दाबून धरला. आमच्याकडे रानात जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कमरेला कोयती असते. त्याने ती काढली आणि त्या हातावर घातली. मनगटाचं हाड मोडलं, बोटं मिटेनाशी झाली. उजवा हात.

कोयतीचा वार धारेने झाला असेल आणि हाड मोडलं असेल, तर तो धारदार हत्याराने केलेल्या जबर दुखापतीचा गुन्हा. तो आपसात मिटवता येत नाही, खटला चालवावाच लागतो. कोयतीची बोथट पाठ लागली असेल तर गुन्हा खालच्या कलमात येतो आणि तो कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतो. गावाला हे कोणा वकिलाने समजावून सांगितलं. मग गाव बसलं आणि गावाचं ठरलं, की कोयतीची पाठ लागली. हातात धरून अख्खा जन्म कोयती चालवलेली ती माणसं. धार कशी लागते आणि पाठ कशी लागते हे त्यांना झोपेतसुद्धा कळेल. डॉक्टरांचा आधार नव्हता, कारण रत्नागिरीला आणायच्या आधी गावात जखमेत हळद भरली होती आणि हातखंब्याला कोणा कंपाउंडरने टाके घातले होते. डॉक्टर साक्षीत म्हणाले, हाडावरची कातडी बोथट घावानेही अशी फाटू शकते, दोन्ही शक्य आहे.

तारखेच्या दिवशी गाव टेम्पो करून आलं. कोर्टाच्या आवारात चिंचेखाली भाकऱ्या सोडून बसलं. गावाचे मानकरी बाबा घाग, पांढरी टोपी, हातात काठी, पालखीचा पहिला मान यांच्या घराण्याचा. ते चालत तात्यांकडे आले आणि शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, आमचा मिटलाय. देवाजवळ दोघांचे नारळ ठेवून झाले. आता तुमी तानू नका.” तात्यांनी विचारलं, बाईचं काय म्हणणं आहे? बाबा म्हणाले, गावाचं तेच तिचं. सुगंधा खांबाच्या आडोशाला उभी होती, उजवा हात पदरात. तिचा नवरा मुंबईहून आला होता, तो जमिनीकडे बघत होता. भाऊ तुरुंगात गेला तर मी गावात कुठल्या तोंडाने येऊ, असं त्याने तिला सांगितलं होतं. आणि गावाने सांगितलं होतं की नाही ऐकलंस तर भाताच्या लावणीला कोणी येणार नाही, आणि उद्या घरात कोणी मेलं तर खांदा द्यायलाही येणार नाही.

तात्या तिच्यावर खेकसले. तू घाबरलीस तर मी कोणासाठी भांडू, असं काहीतरी मोठ्याने म्हणाले. ती रडली नाही, नुसती खांबाला आणखी चिकटली. मी दारातून बघत होते आणि त्या वेळी मला गावापेक्षा तात्यांचाच जास्त राग आला. बोलायला सोपं आहे. संध्याकाळी हे सायकलवर बसून मिरकरवाड्याला जाणार आणि ती त्या टेम्पोतून त्या गावाला परत जाणार. तिने कुठल्या बळावर खरं सांगायचं?

साक्षीला ती उभी राहिली. साहेब घाटावरचे, तरुण, नुकतेच बदलून आलेले. तात्यांनी विचारलं, कोयती कशी लागली? ती म्हणाली, पाठ लागली. चिंचेखालचं गाव आता खिडक्यांशी येऊन उभं होतं. तात्यांचा हात खिशात गेला. आमसूल तोंडात गेलं. साहेबांनी विचारलं, शिवलकर, आणखी काही विचारायचंय? तात्या बोलले नाहीत. साहेब अस्वस्थ झाले, त्यांना ही सवय माहीत नव्हती. शेवटी तात्यांनी रुमालात चोथा टाकला आणि उठले. कायद्याने ते तिला फितूर ठरवून तिची उलटतपासणी घेऊ शकत होते. घेतली असती तर ती तिथेच मोडली असती. त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, पण असा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता.

“बाय, तेव्हापासून काय जमत नाही?”

तिने पदरातल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, पाणी शेंदता येत नाही, दोर सुटतो. नारळ खवता येत नाही. गवत कापता येत नाही. पोरीची वेणी घालता येत नाही, पोर आता शेजारणीकडे जाते आणि शेजारीण कधी घालते, कधी नाही म्हणते. स्वतःच्या साडीची गाठ डाव्या हाताने आणि दातांनी मारते. सांगताना तिचा आवाज चढला नाही. साहेबांनी मला सांगितलं, ‘साक्षीदारास नेहमीची कामे करता येत नाहीत, असे लिहा.’ मी लिहिलं.

मग आरोपीचे वकील उठले. त्यांना ती आपल्या बाजूने बोलल्याचा आनंद झाला होता आणि त्या आनंदात त्यांनी घाण केली. त्यांनी विचारलं, बाई, आता तुमचं सगळं मिटलं ना? देवासमोर नारळ ठेवला ना? ती म्हणाली, ठेवला. वकील समाधानाने खाली बसले. हा नारळाचा विषय तात्या स्वतः कधीच काढू शकले नसते, असंबद्ध म्हणून साहेबांनी थांबवलं असतं. आता तो समोरच्यानेच काढून दिला होता.

तात्या पुन्हा उठले. “तुझा नारळ कोणी ठेवला?”

खिडकीत कोणीतरी खोकलं. सुगंधाने पदरातला हात बाहेर काढला आणि कठड्यावर ठेवला. बोटं अर्धवट वाकलेली, तशीच राहिली.

“मना धरवला नाय,” ती म्हणाली. “हातातनं निसटत हुता. भावजींनी घेतलान माज्या हातातला नि त्यांनीच ठेवलान.”

ज्याने हात मोडला त्यानेच त्या हाताच्या वतीने देवापुढे नारळ ठेवला होता. साहेबांना त्यात काही विशेष वाटलं नाही, ते घड्याळ बघत होते. पण मी कोकणातली आहे, माझ्या अंगावर काटा आला. त्या गावाचा नेम असा, की भांडण मिटवायचं तर दोन्ही बाजूंनी आपापल्या उजव्या हाताने नारळ ठेवायचा, मग गुरव गाऱ्हाणं घालतो आणि त्यानंतर त्या भांडणाचा शब्द काढायचा नाही. माणूस आजारी असेल तर तो बरा होईपर्यंत थांबतात, दुसऱ्याचा हात चालत नाही. गाव घाईत होतं, कोर्टाची तारीख जवळ आली होती. नारळ निसटताना सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं. कायद्याला फसवायच्या नादात त्यांनी आपल्याच देवाला फसवलं होतं.

पुढचे साक्षीदार बाबा घाग. शपथ घेतली, काठी कठड्याला टेकवली. तात्यांनी त्यांना कोयतीबद्दल आधी विचारलंच नाही. तुमच्या देवाचा नेम काय, एवढं विचारलं. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. तात्या म्हणाले, मिटल्याचं यांनीच काढलंय, ते मिटलंय का हे मी विचारतोय. साहेबांनी जरा विचार करून परवानगी दिली. बाबांनी नेम सांगितला. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली आला, कारण पुढचा प्रश्न त्यांना दिसला होता.

“मग बाबा, हिचा नारळ कोणी ठेवलान?” तात्या आता बंदरावर बोलतात तसे बोलत होते.

“सकारामानं.”

“म्हणजे मिटलं?”

बाबा घागांनी टोपी काढली आणि हातात धरली. खिडकीतल्या गावाकडे बघितलं नाही. सुगंधाच्या नवऱ्याकडे बघितलं नाही. कठड्यावर अजून तिच्या हाताचा घाम होता, तिथे बघत राहिले. इतका वेळ गेला की साहेबांनी मला टाइपरायटर थांबवायला सांगितला, तो तर केव्हाचाच थांबला होता.

“नाय,” बाबा म्हणाले. “तसा मिटत नाय.”

“कोयती कशी लागली?”

“धारेनं. मी गडग्याच्या पलीकडंच उभा हुतो. तिनं हात काढला नाय आनि त्यानं थांबवली नाय.”

साहेबांनी मला सांगितलं, ‘साक्षीदार म्हणतो की वार धारेने झाला, त्याने तो स्वतः पाहिला.’ नारळाचं काही लिहू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नको, त्याचा खटल्याशी संबंध नाही. मला तेव्हा आलेला राग मी आजपर्यंत गिळला आहे. त्या नारळामुळेच तर खरं बाहेर आलं होतं, आणि कागद वाचणाऱ्याला वाटणार की एका म्हाताऱ्याला अचानक सुबुद्धी झाली.

सखारामला शिक्षा झाली. अपिलात गुन्हा कायम राहिला, शिक्षा निम्मी झाली. सखाराम सुटून आला तेव्हा त्याला आणायला गावातली माणसं गेली होती, म्हणे. बाबा घागांनी त्या शिमग्याला पालखीचा मान आपणहून दुसऱ्याला दिला आणि देवळात जाऊन आपल्या हाताने नारळ ठेवला. सुगंधाचा नवरा निकालाच्या दिवशीच मुंबईला गेला, तिला न सांगता. त्या पावसात तिच्या लावणीला भावकीतलं कोणी आलं नाही. वरच्या वाडीतल्या दोन बाया आल्या, त्यांनी रोपं लावली. गडगा होता तिथे परत नेऊन रचला, तो मात्र बाबा घागांनी स्वतः माणसं लावून. हे सगळं ती अधूनमधून कोर्टात यायची तेव्हा माझ्या टेबलाशी उभी राहून सांगायची. आता काय जमत नाही हे मी तिला विचारलं नाही. मला दिसत होतं.

त्याच वर्षी तात्यांची बदली झाली, पार विदर्भाच्या टोकाला. त्या गावाच्या मुंबईतल्या मंडळींची वरपर्यंत ओळख होती. बाररूममध्ये सगळे म्हणाले, शिवलकरांना तोंड नडलं. तोंड! सहा-सात वर्षं त्या तोंडावर सगळे हसत होते, तेव्हा कोणाला नडलं नव्हतं. एका मानकऱ्याला कोर्टात खरं बोलायला लावलं, ते नडलं. निरोपसमारंभ झाला, ज्यांना ते नको होते त्यांनीच सगळ्यात लांब भाषणं केली. तात्यांनी शाल घेतली. नारळ बाररूमच्या टेबलावर राहिला, तो दुसऱ्या दिवशी पट्टेवाल्याने घरी नेला. ते विसरले होते की मुद्दाम ठेवून गेले, मला माहीत नाही.

ते निघाले त्या दुपारी मी एसटी स्टँडवर गेले. बाररूममधलं कोणी नव्हतं. तात्या, त्यांची बायको, एक ट्रंक, एक वळकटी आणि छत्री. मी हवेबद्दल बोलले. ते कंडक्टरवर चिडलेले होते, ट्रंक वर चढवायला तो टाळाटाळ करत होता. तेवढ्यात हातखंब्याकडून आलेल्या गाडीतून सुगंधा उतरली, बरोबर मुलगी, वेणी अर्धवट सुटलेली.

तिने पिशवीतून नारळ काढला, घरच्या माडाचा, सोललेला, शेंडी ठेवलेला. डाव्या हाताने काढला आणि तशीच थबकली. डाव्या हाताने कोणी नारळ देत नाही. तिने तो उजव्या हातावर ठेवायचा प्रयत्न केला. बोटं मिटली नाहीत, नारळ कलंडायला लागला. मुलगी आधार द्यायला पुढे झाली तशी ती म्हणाली, “तू नको धरूस.” आणि नारळ पुन्हा डाव्या हातात घेतला.

तात्यांनी आजवर फिर्यादीच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मला वाटलं, आता तिच्यावरही ओरडतील. त्यांनी छत्री उजव्या काखेत मारली, तो हात तसाच दाबून ठेवला आणि डावा हात पुढे केला. तिने डाव्या हाताने दिला, त्यांनी डाव्या हाताने घेतला.

गाडी सुटली तेव्हा ते खिडकीशी बसले होते. नारळ मांडीवर होता आणि तोंडात आमसूल होतं.